नारळ

बाबांना खाजणाच्या मानशीवर पगार नव्हता.
मासळी सगळी ठेकेदाराची,
अमावास्येच्या ओहोटीची तेवढी आपली.
कधी टोपलीभर काळुंद्रं,
कधी नुसता गाळ, आणि त्यात बाबांचं हसू.
त्यावर मी शिकले. बाई झाले.

काल शाळेने शालीत गुंडाळून नारळ दिला.
भाषणात माझं आडनावही चुकलं.

फेरीतून चोडणला उतरले.
पायवाटेवर, वर कुठेतरी, कोयता चालू होता.
थांबला.
"बाई, फुडें वचात. मागीर पाडटां."

शाणू पाडेली.
सातवीत दोनदा
मीच नापास केलेला.

मान वर केली नाही.
माडाखालून गेले,
गरजेपेक्षा जरा हळू,
हातातल्या नारळाची शेंडी कुरवाळत.

वळणापलीकडे पोचल्यावर
मागे
धप्प.