निवणं

चार जुलै. ह्यूस्टनची हवा
ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसलेली.
खाली तळघरातल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच, स्वेटर घालून.
थिबोडो म्हणतो, शॅल, घरी जा, सुटी आहे.
शाल्मली त्याला अर्धीच पेलते.

भट्टीत स्ट्रॉन्शियम, पाचशे अंशांवर.
अणू सुटतात उधळलेल्या खोंडांसारखे,
आणि सहा बाजूंनी निळा प्रकाश.
प्रकाश कुणाला धरत नाही.
जो अंगावर धावून येईल त्यालाच
हलकी ढुशी देतो. हजारदा. पुन्हा हजारदा.
शेवटी काचेआड
ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, निळा,
जागच्या जागी थरथरता.

मग एका झटक्यात आम्ही इलेक्ट्रॉन सोडवतो.
ते लांब जात नाहीत,
तिथंच घोंघावतात
आणि मागं राहिलेल्यांना ओढून बाहेर काढतात.
आत्तापर्यंत शेजारी गप्प बसलेले
एकमेकांना सोसेनासे होतात, तापतात,
पांगतात, पापणी लवायच्या आत
(पापणी म्हणजे फारच झालं).

हे पांगणं थोपवायला सात महिने.
जांभळे लेझर समोरासमोर, चुंबकाची वेटोळी.
एकदा आरसा सरकला. एकदा पुराचं पाणी जिन्यापर्यंत आलं.
एकदा मीच तरंगलांबी चुकीची लिहिली,
बाबांचा फोन चालू होता.

बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम करायचे.
किती तापवता गं तुम्ही?
तापवत नाही बाबा, निववतो.
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, ओतणं काय, कुणीही ओततं.
निवताना घाई केली की तडा जातो,
आणि तो लगेच दिसत नाही.

साडेनऊला वर धडाड्‌धूम.
टेबल हवेवर तरंगतं तरी लेझर ठिकाणावरून सुटला.
थिबोडोनं शिवी दिली, मग हसला:
लाल रंग आला ना वर, तर तो तुझाच धातू.
आम्ही जिना चढून गेलो नाही.
दारूकाम संपेपर्यंत
शिळे चिप्स खात बसून राहिलो.

अकरा वाजून वीस. पुन्हा.
पडद्यावरचा ढग
नेहमीच्या वेळेला फुटला नाही.
थिबोडो काही बोलला नाही.
मीही नाही. श्वाससुद्धा जरा
दुसरीकडं तोंड करून सोडला.