क्ष म्हणजे

ड्रेस्डेन. नोव्हेंबर. एल्बेकाठचं हॉटेल, तळमजला.
सकाळी नऊला मी आधी तेच वाचून दाखवते:
इथे किमतींबद्दल बोलायचं नाही,
गिऱ्हाइकांबद्दल बोलायचं नाही.
चौदा माना हलतात.
सात कंपन्या, एकमेकींच्या तोंडचा घास काढणाऱ्या,
आणि कॉफीचं यंत्र एकच.

मी हेन्रिके. इतिवृत्त लिहिते.
सर्किट मला कळत नाही, वाक्यं कळतात.
‘असेल’ आणि ‘असू शकेल’ यांच्यामध्ये
या लोकांचे दोन हिवाळे गेले,
ते मी तारीखवार लिहून ठेवलंय.

आजचा विषय: क्ष.
तारेवर शून्य असतं किंवा एक.
कधी तार कुणीच धरलेली नसते, त्यालाही खूण आहे.
आणि कधी क्ष.
मॉडेल तेच, काना-मात्रेचा फरक नाही,
पण मार्ग्रेट ओफरहाउसच्या सिम्युलेटरमध्ये
एक्केचाळिसाव्या नॅनोसेकंदाला सिग्नल एक होतो,
आणि शिन्चूहून आलेल्या यू-थिंगच्या पडद्यावर
क्ष तसाच राहतो, पुढच्या तारांत पसरत जातो
टिपकागदावर शाई जावी तसा.
‘तुमचं चुकतंय’ असं इथे कुणी म्हणत नाही.
म्हणतात, ‘आमच्याकडे हे असं दिसत नाही.’
मी तेही लिहिते.

यू-थिंग म्हणते, क्ष म्हणजे माहीत नाही.
मार्ग्रेट म्हणते, क्ष म्हणजे काहीही चालेल,
चिप लहान करायला तेवढीच मोकळीक.
आत कसं केलंय ते दोघीही दाखवत नाहीत.
झाकली मूठ.
वकील खिडकीपाशी बसून नखं बघतोय.

जेवणाआधी तेर्ये स्कोगविकनं हात वर केला.
ट्रोंडहाइमची तीन माणसांची कंपनी;
तीन वर्षांत हा एकदाच बोलला होता,
तेही खिडकी उघडू का म्हणून.

‘ऑस्नेला जाऊन नऊ वर्षं झाली,’ तो म्हणाला.
‘कानाच्या यंत्रासाठी तिनं एक फिल्टर केला होता.
गर्दीतून एकच आवाज वेगळा काढायचा.
ज्या कंपनीच्या भाषेत लिहिला, ती विकली गेली.
जिनं घेतली, तीही विकली गेली.
फाईल आहे. सव्वादोन मेगाबाइट. उघडत नाही.
आत काय आहे, मला माहीत नाही.’
मग पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवून,
‘आणि मला काहीही चालणार नाही.’

यानंतर किती वेळ कुणी बोललं नाही
ते लिहायला इतिवृत्तात रकाना नाही.

साडेतीनला मतदान. पाच बाजूनं, एक विरुद्ध,
एकजण तटस्थ: त्याला मुख्यालयाला विचारायचंय.
‘माहीत नाही’ला क्ष.
‘काहीही चालेल’ला वेगळी खूण, ती पुढच्या बैठकीत.
मुठी झाकलेल्याच राहतील,
फक्त उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायची.
यू-थिंगच्या लॅपटॉपला मार्ग्रेटनं
आपली वायर दिली, न बोलता.
तेर्येची फाईल अजून उघडत नाही.

संध्याकाळच्या गाडीनं मी पिर्नाला गेले.
आई तिथल्या वृद्धाश्रमात, दुसरा मजला.
दर आठवड्याला विचारते, ‘रविवारी काय आणू?’
ती म्हणते, ‘काहीही चालेल,’
आणि मी सहा वर्षं खसखशीचा केक नेतेय.

आज कोट न काढताच बसले.
पुन्हा विचारलं: ‘काहीही चालेल, की माहीत नाही?’
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग खाली, बटणांकडे.
मी घाई केली नाही.
एक्केचाळीस नॅनोसेकंद
कधीचेच होऊन गेले होते.