शेरा

नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर एक वही असते,
सुतळीने बांधलेलं पेन, रकाने चार:
पक्षी, संख्या, वेळ, शेरा.
पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला मी,
रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतो.
तरी शेऱ्यापुढे कायम आडवी रेघ.

अश्विनात शेकाटे, बावीस.
गुलाबी काड्यांचे पाय, आणि पाण्यात तेच पाय
खाली डोकं करून.

कार्तिकात चक्रवाक आले.
इंदुमती म्हणाली, "रात्री जोडी तुटते म्हणे यांची, खरं का हो?"
मी म्हणालो, चौदा. पाच वाजून दहा मिनिटं.

पौषात असं धुकं
की कादवा गोदेला कुठे मिळाली तेच दिसेना.
मणी तडकू नयेत म्हणून
द्राक्षबागांतून शेकोट्या धुमसत होत्या रात्रभर,
आणि त्या धुरापलीकडे कुठेतरी तलवार बदकं,
नुसती ऐकू येणारी.
ऐकलेले पक्षी मोजायचे का, यावर
गाईडशी अर्धा तास वाद घातला.
(त्याचं नाव पोपट. पोपट आव्हाड. खरंच.)

आणि परवा, फाल्गुनात,
बदकं निम्मी निघून गेलेली,
बांधावरचा पळस पेटलेला,
सूर्य उसाच्या तुऱ्यांवर येऊन टेकला.
पाण्यात आधी हळद कालवली गेली,
मग गाजराचा कीस,
मग काळ्या द्राक्षावर ती धूळ असते ना,
बोटाने पुसली जाणारी,
तसलं काहीतरी.

तेवढ्यात भोरड्या उठल्या.
सुपातला कोंडा वाऱ्यावर वळतो तशा वळल्या,
दाट झाल्या, विरळ झाल्या,
पुन्हा वळल्या.
मी शंभराशंभराचे गठ्ठे बांधत होतो:
सातशे, आठशे, नऊ...
इंदुमतीने माझ्या डोळ्यांवरची दुर्बीण
हलकेच खाली केली.
काही बोलली नाही.

मग पुष्कळ वेळ टिटवीच तेवढी बोलत होती.

उतरताना पोपटच्या मोबाईलच्या उजेडात लिहिलं:
भोरड्या. संख्या, आडवी रेघ.
वेळ, सहा एक्केचाळीस.
शेरा: सूर्य बुडाला तेव्हा आम्ही दोघं हजर होतो.

पोपटने दोनदा वाचलं.
"काका, हे असंच वर पाठवायचं?"

पाठव म्हटलं.
सही केली, खाली तारीख टाकली,
आणि पेन पुन्हा सुतळीला लोंबकळत सोडलं.