कडी

फारम गुजरातीत. वाचायला अडचण नाही,
शाळाच तशी झाली, करेलीबागेत.
पण लिहायला घेतलं की हात
अक्षरांच्या डोक्यावरून रेघ ओढतोच.
नाव: हेमांगिनी दत्ताजीराव फणसे. रेघ.
राहणार: दांडिया बाजार, दुसरा मजला. रेघ.
धंदा:
इथे थांबले.
एकोणीस वर्षं लोक म्हणत आलेत,
पोराला हेमाकाकीकडे ठेवतो,
जशी शेजारी किल्ली ठेवावी.

त्याला सरकारी शब्द आहे, घोडियाघर.
माझ्याकडे घोडियुं नाही. पाळणा होता,
तो भाचीकडे गेला, परत यायचाच आहे.
हिंचका आहे. त्याच्या पितळी कड्यांना
दर शनिवारी तेल घालते, तरी कुरकुरतात,
आणि दुपारी ती कुरकुर थांबली
की झील जागी होते.

जोडपत्रात एकतीस कलमं.
एका मुलामागे फरशी इतकी.
(पावलांनी मोजली. सहा मुलं बसतात,
सातवं अर्धं.)
आग विझवायचा लाल बाटला, पावतीसकट.
आल्याची वेळ, नेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही.
ताहेराचे अब्बा सही कसली करतात,
खालून रिक्षाचा भोंगा वाजवतात.
मुलांना झोपेचं औषध देऊ नये.
हे दोनदा वाचलं.
म्हणजे कुणीतरी देतं.

पुतण्या म्हणाला, काकी, कोण विचारतंय,
अशीच चालव की.
मीही फारम घडी करून
डाळीच्या डब्याखाली सारणारच होते.

कलम एकोणीस.
न्हाणीघराच्या दाराला आतून,
चार फुटांच्या खाली, कडी नसावी.

हेत. साडेतीन वर्षांचा.
आत बादली काठोकाठ, नळ चालू,
आणि कडी त्याला लावता येत होती,
काढता येत नव्हती.
सुतार मांडवीहून यायचा होता.
मी जमिनीवर पालथी पडून
दाराच्या फटीतून चमचा सरकवला.
त्यानं परत सरकवला. हसला.
दुसरा. तिसरा. दारापाशीच राहा रे बाबा,
हे न सांगता सांगायचं होतं.
सातवा चमचा गेला
आणि आला नाही.
पाण्याचा आवाज तेवढा येत होता.
मी त्याचं नाव घेतलं की नुसतं तोंड उघडलं,
आठवत नाही.
मग आला. ओला.

संध्याकाळी त्याची आई आली,
दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच.
मी म्हटलं, आज खूप खेळला.
रात्री कडी उचकटली,
चार भोकांत साबण भरला.

तपासणीला आली ती मुलगीच होती,
खांद्याला टेप, पायात मळके बूट.
हिंचका मुलांच्या वेळात वर बांधा, म्हणाली.
बाटला इथे नको, तिथे.
न्हाणीघराच्या दाराशी वाकली,
साबणावरून बोट फिरवलं.
"कडी क्यारे काढी?"
अकरा वर्षं झाली, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
कागदावर खूण केली, पुढे गेली.

मी तिथेच राहिले.
गांधीनगरात कुण्या टेबलावर
हे कलम ज्यानं लिहिलं, किंवा जिनं,
चार फूट हा आकडा त्यांना
कुठल्या दारानं सांगितला असेल?
त्या घरी
सातवा चमचा आला होता का?

शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे:
यापूर्वी काही अपघात?
पुढे एकच ओळ, तीही अरुंद.
"ना लखो तो चाले, बेन," ती मुलगी जाता जाता म्हणाली,
"बधा ना ज लखे छे."

सगळे नाहीच लिहितात, खरं आहे.
मुलं झोपलीत. हिंचका वर बांधलाय,
घर कसं मुकं मुकं.
मी पेन घेते.
अक्षर सुचायच्या आधी
रेघ ओढली जाते.