गुडघ्यावरचं माप

सावळजच्या अंगणवाडीत
फळ्या ठोकायला गेलो,
बेदाण्याच्या शेडचे जुने अँगल घेऊन.
टेप सोडला, खांद्याशी खूण केली.
जैबुनबाई म्हणाल्या,
"एवढ्या वर कुणासाठी ओ?
गुडघ्यावर चला की एकदा."

चाललो.
दारापासून माठापर्यंत.
खालनं खोली वेगळीच निघाली.
टेबलाच्या पोटाला वाळलेला कणकेचा गोळा,
खिडकीत नुसतं आभाळ,
झाड नाही, रस्ता नाही.
आणि खुंट्या इतक्या लांब
की दप्तर अडकवायचं तर
आधी कुणाला तरी हाक मारायची.

खुंट्या उतरवल्या.
माठाची तिवई कापून बुटकी केली.
पाणी सांडतील, म्हटलं.
बाईंनी फडकं दाखवलं,
तेही खालच्याच खुंटीला.

खिडकीखालचा कोपरा तेवढा राहिला.
"हितं काय बसवू?"
"काही नको. लागतो त्यास्नी तो."
मोकळा कोपरा कशाला लागतो
ते विचारायचं राहून गेलं.

सोमवारी मजुरी न्यायला गेलो.
इर्शादनं दप्तर अडकवलं,
पडलं,
परत अडकवलं
आणि कुणाकडं न बघता निघून गेला.
मीच उगाच
शाबास म्हणायला तोंड उघडून उभा.

कोपऱ्यात दोघी-तिघी
मी टाकून दिलेले ठोकळे रचत होत्या.
धरण असेल, नाहीतर एसटी.
वाकून बघायला गेलो,
तर मेंढेगिरींची धाकटी, नाक ओढत,
"सरका. तिकडनं पाणी येतंय."

फरशी कोरडी ठणठणीत.
तरी चप्पल हातात घेतली
आणि सरकलो.