सहा बोटं

मे महिन्यात पांझरा थांबते.
थांबते म्हणजे डबक्यांतून बसून राहते,
आणि बंधाऱ्याखालचा ओटा उघडा पडतो
वर्षातून एवढे पंधरा-वीस दिवस.

हिलाल मिस्त्री चपला वर काठावर काढून उतरतो.
पायाखालचं काँक्रीट तव्यासारखं असतं तरी.
का, ते मी कधी विचारलं नाही.
कानावर अर्धी बिडी, हातात हातोडी,
दांड्याला सुतळी गुंडाळलेली.
मागून मी, वही आणि खडू घेऊन.

टण्.
टण्.
टण्.
भद्.

‘लिखी ले,’ तो म्हणतो.
मी गोल करतो.
जिथे भद् वाजतं तिथे आत कोणी नाही,
वरची नुसती साल घर राखत बसलेली.

आधी साय जाते, तो सांगतो,
थापीने फिरवलेली, गुळगुळीत,
जिच्यावर ठेकेदाराने काडीने नाव कोरलं होतं.
मग कण सुटतात.
मग खडी उघडी पडते,
हिरड्या खाली सरकल्यावर दात दिसावेत तशी.
मग त्यातला एक दात पडतो
आणि पाणी त्या खोबणीत शिरून
त्याच दाताला गरगर फिरवत राहतं
सगळा श्रावण, सगळा भादवा,
रांजण होईपर्यंत.

‘पानीले दात नहीत भो, पन खास.’
दात आपण दिलेले.

तो रांजणात हात घालतो, बोटं आडवी रचतो.
सहा.
मी टेप सोडतो: एकशे दहा मिलिमीटर.
दोघांचंही बरोबर.
पण गेल्या साली पाच होती
हे त्यालाच माहीत,
माझ्या आधीच्या साहेबाची वही
त्याच्या बदलीबरोबर नंदुरबारला गेली.

वाळू कुठली होती? मी विचारलं.
हातोडीने त्याने वरचं वळण दाखवलं,
बाभळींच्या पलीकडचं.
इथलीच. तेरा ट्रॅक्टर.
मी पोरगा होतो, घमेली मोजायचो,
उन्हाला कंटाळून दोन-चार जास्त सांगायचो.
आणि सिमेंटच्या गोण्या?
त्या मोजायला दुसरा माणूस होता, म्हणाला,
आणि कानावरची बिडी काढून पेटवली.

म्हणजे नदी आपलीच वाळू
मूठमूठ परत नेत होती.
मी हे वहीत लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

मैलभर वर फडाचा जुना बंधारा आहे,
दगड आणि चुना, कोणी बांधला ठाऊक नाही.
तोही झिजलाय.
त्याच्या माथ्यावरून म्हशी उतरून उतरून
मधोमध खोलगट वाट झालीय,
आणि पाणी आधी तिथूनच जातं.
त्याचं कोणी माप घेत नाही.

मग पोती आली, मंजुरी आली, उशिराच.
भदभद वाजणारं सगळं छिन्नीने उकरलं,
तारेच्या ब्रशने घासलं, धुतलं,
भरलं,
वर तागाची पोती अंथरली.

आता पाणी मारायचं.
तेलाचा डबा, दोरीचा कान,
डबक्यातून ओट्यापर्यंत चाळीस पावलं,
दिवसातून पाच वेळा, ऊन चव्वेचाळीसचं.
पाण्यापुढे उभं राहायचंय त्याला,
आणि पाणी प्यायल्याशिवाय ते उभं राहायचं नाही.
हिलाल ओतताना हात खाली नेतो,
धार पडू देत नाही,
पोत्यावर पसरतो नुसतं,
तापलेल्या लेकराला पुसावं तसं.

अंदाजपत्रकात सात दिवस होते.
आठव्या दिवशी मजुरी बंद झाली,
हजेरीवर मी रेघ मारली.

दहाव्या दिवशी पिंपळनेरकडे निघालो होतो, दुपारी,
पुलावर गाडी हळू केली.
खाली कोणी दिसलं नाही,
ओटा डोळ्याला लागेल इतका चमकत होता.
पोती काळी होती,
ओली.
आणि काठावर चपला.