पाय निघेना

प्रेस्टनच्या आमच्या चर्चमध्ये, डाव्या भिंतीवर,
हीटरच्या जरा वर, एक पितळी पाटी आहे.
मिसेस एकल्स्टन ती दर शनिवारी व्हिनेगरने पुसते.
पुसून पुसून अक्षरं झिजली.
फादर विल्फ्रेड हॅल्सॉल हे नाव
आता डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर वाचता येतं.

रविवारी मिस्सानंतर दृढीकरणाचा वर्ग माझ्याकडे.
सात मुलं, बिस्किटांचा एक डबा,
आणि मी, वसईकडच्या गिरीजची, रात्रपाळीची नर्स,
जिला प्रार्थना मराठीत येतात
आणि रागावणं फक्त इंग्रजीत.

मी सांगत होते:
चाळीस सालचा जून, फ्रान्समधलं एक धान्याचं कोठार,
आत अकरा जखमी, हलवता न येणारे.
बाहेर शेवटचा ट्रक. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.
फादरांचा एक पाय फळीवर चढलेला होता.
तो त्यांनी खाली घेतला.
आपल्या जागी एका पोरसवदा शिपायाला वर ढकललं
आणि चष्मा पुसत पुसत परत आत गेले.
तिसऱ्या हिवाळ्यात, कैद्यांच्या छावणीत, तापाने वारले.

कपाटात त्यांचं बहिणीला लिहिलेलं पत्र आहे, तेही वाचलं:
"जाड मोजे पाठव. मी प्रवचनात अजून अडखळतो,
पोरं खाली बघून हसतात.
तोफा सुरू झाल्या की मला ओकारी येते.
हे आईला सांगू नकोस."

चिदुबेम म्हणाला, हिरो.
ब्रिजिट म्हणाली, ओकारी येणारा हिरो?
काच्पर टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला,
महिनाभरात पहिल्यांदा बोलला:
"पण उतरला का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण मराठीत.
त्यांचा पाय निघेना.
इंग्रजीत कसं सांगायचं?
मी शब्दाला शब्द लावून सांगितलं,
तर मुलांना वाटलं, फादरांचा पाय कुठेतरी अडकला
आणि कापावा लागला.
सगळे हसले. मीही हसले. वर्ग सुटला.

खरं तर मला हे शिकवायचा काय अधिकार?
माझा पाय पुष्कळदा निघाला आहे,
सकाळी साडेसातला, भिंतीवरचं घड्याळ बघून,
कुणाच्या तरी हातातून हात सोडवून घेत.
बस चुकेल म्हणून.

फेब्रुवारीत एका रात्री अडीचला फोन वाजला.
काच्पर शनिवारी एका वृद्धाश्रमात भांडी घासतो.
पाळी नऊला संपते.
"मिस, मिस्टर लेदम गेले, आत्ताच.
त्यांची मुलगी बर्फामुळे एम-सिक्सवर अडकली होती.
मी स्टॉपपर्यंत गेलो होतो. बस आलीही होती."

मग बराच वेळ नुसता श्वास.

"मला एकही प्रार्थना आठवेना.
मी त्यांना फुटबॉलचे निकाल वाचून दाखवले,
अगदी खालच्या डिव्हिजनपर्यंत सगळे.
चालतं ना ते?"

चालतं, मी म्हटलं.
माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आणि मिस, मला भीती वाटत होती. अजून वाटतेय.
ते तुमच्या भाषेतलं पायाचं काय होतं?"

अंधारात, पलंगाच्या कडेवर बसून,
मी ते दोन शब्द हळू म्हटले.
त्याने चुकत चुकत परत म्हटले,
'घ'चा 'ग' करून.
मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या रविवारी तो उशिरा आला.
पाटीकडे त्याने पाहिलंही नाही.
ओले बूट, हीटरला टेकलेली पाठ.
टेकू नकोस रे, मिसेस एकल्स्टन ओरडली,
तसा तो वीतभर सरकला,
आणि डब्यातून तीन बिस्किटं जास्त घेतली.